नोकरी-संसार सांभाळून ग्रीक आणि रोमन अभिजात साहित्याचा स्वयंअभ्यास

होमर, सोफोक्लीस, प्लेटो, व्हर्जिल ही नावे शाळेपासून कानावर पडलेली असतात, कधीतरी सवडीने हे सगळे मुळातून वाचायचे असे मनाशी ठरवलेलेही असते, आणि चाळिशी-पन्नाशी येते तरी त्यातले एकही पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून झालेले नसते. याचे कारण वेळेचा अभाव हेच सांगितले जाते. मला मात्र खरे कारण तयारीच्या अतिरेकात दिसते. आधी ग्रीसचा इतिहास वाचू, मग देवदेवतांचा कोश पाहू, मग एखादी समीक्षा वाचू आणि त्यानंतर ‘इलियड’ हातात घेऊ, अशा क्रमाने निघालेला माणूस बहुधा इतिहासाच्या दुसऱ्या प्रकरणातच थांबतो. माझीही पहिली दोन वर्षे अशीच गेली. म्हणून या लेखातील क्रम उलटा आहे : मूळ कृती आधी, तीही थोड्याच, पण एकमेकींना उत्तर देणाऱ्या, आणि इतिहास, प्रस्तावना, टीपा या सगळ्या गोष्टी त्या कृतीने मनात प्रश्न उभे केल्यानंतर.

वेळेचा हिशेब

होमरचे ‘इलियड’ १५,६९३ ओळींचे आहे आणि ते २४ सर्गांत विभागलेले आहे. म्हणजे सरासरी एक सर्ग साडेसहाशे ओळींचा. सर्वांत मोठा पाचवा सर्ग ९०९ ओळींचा, तर सर्वांत छोटा एकोणिसावा ४२४ ओळींचा. भाषांतरात असा एक सर्ग शांतपणे वाचायला पाऊण ते एक तास पुरतो. ग्रीक शोकांतिका बहुतेक १,००० ते १,७०० ओळींच्या असतात, त्यामुळे एका बैठकीत पूर्ण होतात. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची बरीचशी पत्रे पंधरा-वीस मिनिटांची असतात. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की लक्षात येते की हा डोंगर दुरून दिसतो तेवढा उंच नाही.

रोज अर्धा तास आणि आठवड्यातून एकदा सलग दोन तास, एवढी तजवीज करावी. रोजचा अर्धा तास दिवसाच्या एकाच ठरलेल्या वेळी असावा आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा. आठवड्याची मोठी बैठक नाटकासाठी किंवा महाकाव्यातील एखाद्या लांब सर्गासाठी राखून ठेवावी, कारण शोकांतिका तुकड्यातुकड्यांनी वाचली तर तिचा ताण विरून जातो. प्रवासात किंवा घरकाम करताना महाकाव्ये ऐकणे हा उत्तम मार्ग आहे. ही काव्ये मुळात ऐकण्यासाठीच रचलेली होती. तत्त्वज्ञान आणि इतिहासकार थ्युसिडिडीस मात्र ऐकून हाती लागत नाहीत, त्यांच्यासाठी डोळ्यांसमोर पान हवे.

आजारपण, परगावचे काम, मुलांच्या परीक्षा यांमुळे वाचनात खंड पडणारच. खंड पडल्यावर पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करण्याचा मोह होतो आणि तिथेच बहुतेक संकल्प मोडतात. शेवटी वाचलेल्या सर्गाची आपली नोंद वाचावी, त्या सर्गाची अखेरची दोन पाने पुन्हा पाहावीत आणि पुढे जावे.

पहिला महिना : तीन छोट्या कृती

सुरुवात महाकाव्याने करू नये. पहिल्या महिन्यात पूर्ण वाचून संपतील अशा तीन गोष्टी घ्याव्यात, कारण एखादी कृती अखेरपर्यंत वाचल्याने जो धीर येतो तो कोणत्याही प्रस्तावनेने येत नाही.

पहिली सोफोक्लीसची ‘अँटिगनी’. राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकणारी बहीण आणि राज्याच्या सुरक्षेसाठी ती आज्ञा काढणारा क्रेऑन यांचा हा संघर्ष आहे. पहिल्या वाचनात क्रेऑन सरळसरळ खलनायक वाटतो. म्हणून त्याचे पहिले मोठे भाषण दुसऱ्यांदा वाचावे : नुकत्याच यादवीतून बाहेर आलेल्या नगराचा प्रमुख म्हणून तो काय म्हणतो आहे आणि त्यातले किती आपल्याला पटते, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. वृंदाची (कोरसची) गाणी पहिल्या वेळी धूसर वाटतील. ती मोठ्याने वाचावीत आणि अडून न बसता पुढे जावे.

दुसरी कृती प्लेटोची ‘अपॉलॉजी’, म्हणजे इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे सॉक्रेटिसने केलेल्या बचावाचे प्लेटोने रचलेले रूप. तिच्यात पारिभाषिक असे जवळजवळ काही नाही. ती संपताच तुरुंगात घडणारा ‘क्रिटो’ हा छोटा संवाद वाचावा. न्यायसभेला न जुमानता बोलणारा सॉक्रेटिस तुरुंगातून पळून जायला नकार देताना कायद्याची बाजू मांडतो. अँटिगनी आणि क्रेऑन यांच्यातील प्रश्न इथे वेगळ्या रूपात परत येतो, आणि या साहित्यातील कृती एकमेकींशी कशा बोलतात याचा पहिला अनुभव मिळतो.

तिसरी गोष्ट रोमकडची : धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रे, सहाव्या पुस्तकातील १६ वे आणि २० वे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा प्लिनी सतरा वर्षांचा होता. पहिल्या पत्रात तो मामाच्या मृत्यूची हकिकत सांगतो, तर दुसऱ्यात स्वतःवर आणि आईवर गुदरलेल्या प्रसंगाची. जेमतेम दहा पानांचा हा मजकूर वाचताना जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर उरत नाही.

भाषांतराची निवड

मराठी वाचकाला या साहित्याचा मोठा भाग इंग्रजी भाषांतरांतूनच वाचावा लागतो, त्यामुळे भाषांतर कोणते निवडायचे हा प्रश्न गौण नाही. इंटरनेटवर मोफत मिळणारी बहुतेक भाषांतरे जुनी, स्वामित्वहक्क संपलेली असतात. त्यांतली काही थोर आहेत, पण नवशिक्याला त्यांच्यात दोन अडचणी येतात. एक म्हणजे त्यांची इंग्रजीच आता जुनाट झालेली असते. दुसरी म्हणजे त्यांपैकी अनेकांत ग्रीक देवांना आणि वीरांना रोमन नावे दिलेली असतात : झ्यूसच्या जागी जोव्ह किंवा ज्युपिटर, अथीनाच्या जागी मिनर्व्हा, ओडिसियसच्या जागी युलिसिस. ‘इलियड’ आणि व्हर्जिलचे ‘इनिड’ हे लॅटिन महाकाव्य दोन्ही वाचायचे असतील तर हा घोळ पहिल्यापासून टाळलेला बरा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या भाषांतरांत होमरसाठी तीन नावे पुरेशी आहेत. रिचमंड लॅटिमोर यांचे १९५१ चे ‘इलियड’ मूळ ओळींना अगदी चिकटून चालते. रॉबर्ट फेगल्स यांचे १९९० चे भाषांतर वेगवान आहे आणि मोठ्याने वाचायला उत्तम. एमिली विल्सन यांची भाषांतरे (‘ओडिसी’ २०१७ आणि ‘इलियड’ २०२३) साध्या, स्वच्छ इंग्रजीत आणि नियमित छंदात आहेत. निवड करताना परीक्षणे वाचत बसू नये. ‘इलियड’च्या आरंभाच्या वीस ओळी तिन्हींत मोठ्याने वाचाव्यात आणि ज्यात जीभ अडखळत नाही ते घ्यावे. बाजूला ओळींचे किंवा परिच्छेदांचे क्रमांक छापलेले आहेत ना, एवढे मात्र जरूर पाहावे. या साहित्यातील संदर्भ पानांनी दिले जात नाहीत, क्रमांकांनी दिले जातात : होमरसाठी सर्ग आणि ओळ, प्लेटोसाठी १५७८ च्या आवृत्तीवरून आलेले समासातील आकडे. ते असले की कोणतेही भाषांतर दुसऱ्या भाषांतराशी आणि मूळ संहितेशी क्षणात ताडून पाहता येते.

‘इलियड’ : बारा आठवडे

आठवड्याला दोन सर्ग या गतीने ‘इलियड’ बारा आठवड्यांत होते. माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचा हा कणा आहे, आणि वर्षभरात दुसरे काहीच वाचता आले नाही तरी हे एक वाचावे.

हाती घेण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात. ‘इलियड’ ही ट्रॉयच्या युद्धाची संपूर्ण कथा नव्हे. दहाव्या वर्षातील थोड्या आठवड्यांची ही कथा आहे. लाकडी घोडा त्यात नाही, ट्रॉयचा पाडाव नाही, अकिलीसचा मृत्यूही नाही. मूळ ग्रीकमधला पहिलाच शब्द ‘मेनिस’, म्हणजे क्रोध, हा आहे आणि काव्याचा विषयही तोच : अपमानित झालेल्या अकिलीस या ग्रीक वीराचा क्रोध, त्याने स्वकीयांवर ओढवलेला संहार आणि शेवटी तो क्रोध विरघळतो ती रात्र. ग्रीकांना या काव्यात ग्रीक म्हणत नाहीत. अकीयन, आर्गाइव्ह आणि दानाअन ही तिन्ही नावे त्यांचीच. ट्रॉयला इलियॉनही म्हणतात आणि ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याला अलेक्झांडर. शिवाय माणसे वडिलांच्या नावावरूनही ओळखली जातात : अत्रेउसचा पुत्र म्हणजे ग्रीकांचा सरसेनापती अगमेम्नॉन किंवा त्याचा भाऊ मेनेलाउस, पेलेउसचा पुत्र म्हणजे अकिलीस. कौंतेय, राधेय, सौमित्र ही नावे सहज ओळखणाऱ्या वाचकाला याची सवय व्हायला वेळ लागत नाही.

‘चपळ पायांचा अकिलीस’ किंवा ‘गुलाबी बोटांची उषा’ यांसारखी विशेषणे शेकडो वेळा येतात तेव्हा कंटाळू नये. अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील लोकगायकांचे गायन ध्वनिमुद्रित केले आणि अशी ठरीव वाक्खंडे ही तोंडी रचनेची साधने असतात, हे दाखवून दिले. गायकाला छंदात बसणारा तयार तुकडा हाताशी हवा असतो. ती पुनरावृत्ती कानाने ऐकली की काव्याचा ठेका मिळतो.

बहुतेक वाचक दुसऱ्या सर्गात थांबतात. त्या सर्गाच्या उत्तरार्धात, ४९४ व्या ओळीपासून, ग्रीक जहाजांची आणि त्यांच्या नायकांची अडीचशेहून अधिक ओळींची यादी आहे. ती पहिल्या वेळी भरभर चाळली तरी चालेल. पाचव्या सर्गापासून युद्धाची वर्णने सलग येतात आणि मारल्या जाणाऱ्या माणसांची नावे लक्षात राहत नाहीत. ती लक्षात ठेवायचीही नाहीत. पण प्रत्येक नावामागे येणाऱ्या दोन-तीन ओळी सावकाश वाचाव्यात : याचे लग्न नुकतेच झाले होते, याचा बाप स्वप्नांचा अर्थ सांगत असे, हा नदीकाठी जन्मला होता. पडणाऱ्या प्रत्येक माणसाला होमर असे क्षणभर घर देतो, आणि या काव्याचे हृदय मला तिथेच आढळते.

काही सर्गांसाठी आठवड्याची मोठी बैठक राखून ठेवावी. सहाव्यात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आपल्या बाळाला उचलायला हात पुढे करतो आणि ते शिरस्त्राणावरचा तुरा पाहून भेदरून रडू लागते (ओळ ४६६ पासून). नवव्यात अकिलीसला परत आणायला दूत जातात आणि लढण्याला काही अर्थ आहे का, असा प्रश्न तो विचारतो. सोळाव्यात अकिलीसचा मित्र पात्रोक्लस पडतो, बाविसाव्यात हेक्टर. चोविसावा सर्ग एका बैठकीत, शक्यतो रात्री, मोठ्याने वाचावा. हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, शत्रूच्या म्हणजे अकिलीसच्या तंबूत जातो आणि आपल्या मुलाला मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो (ओळ ४७८). त्यानंतर ते दोघे एकत्र रडतात, एक मुलासाठी आणि दुसरा बापासाठी व मित्रासाठी.

हे काव्य ज्या भांडणाने सुरू होते ते पळवून आणलेल्या दोन स्त्रियांवरून झालेले आहे, ही गोष्ट वाचताना विसरू नये. त्यांच्यापैकी ब्रायसेइस संपूर्ण काव्यात एकदाच बोलते, एकोणिसाव्या सर्गात, पात्रोक्लसच्या प्रेतापाशी विलाप करताना. त्या ओळींवर खूण करून ठेवावी. पुढे नाटककार युरिपिडीस वाचताना त्यांची आठवण होईल.

वही

पेन्सिलने समासात लिहिणे चांगलेच, पण त्याखेरीज एक वेगळी वही असावी. प्रत्येक सर्गासाठी किंवा नाटकासाठी तीनच गोष्टी लिहाव्यात : काय घडले ते दोन वाक्यांत, थांबायला लावणारी एक जागा क्रमांकासह, आणि उत्तर न सापडलेला एक प्रश्न. यापेक्षा जास्त लिहायला गेले की नोंदी वाचनाला गिळतात. दर महिन्याच्या शेवटी त्या प्रश्नांतील एक निवडून त्यापुरतेच संदर्भवाचन करावे. इतिहास आणि समीक्षा यांची जागा इथे आहे. स्वतःला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाचलेला इतिहास लक्षात राहतो.

वहीच्या मागील पानांवर भाषांतरात न मावणाऱ्या शब्दांची यादी वाढवत न्यावी. ‘क्लेओस’ म्हणजे कीर्ती, पण मुळात ‘जे ऐकले जाते ते’. संस्कृतातील ‘श्रवस्’ याच कुळातला. ‘टिमे’ म्हणजे मान, आणि तो मोजता येण्याजोगा, लुटीतील वाट्याच्या रूपात दिसणारा मान. ‘झेनिया’ म्हणजे पाहुणा आणि यजमान यांच्यातील पवित्र बंधन, ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणे. ‘हायब्रिस’चे भाषांतर गर्व असे करतात, परंतु त्यात दुसऱ्याची जाणूनबुजून केलेली मानखंडनाही येते. लॅटिनमधील ‘पिएटास’ हा शब्द ‘इनिड’चा नायक इनियस याच्यासाठी सतत येतो. देव, वडीलधारे आणि देश या तिघांविषयीची बांधिलकी असा त्याचा अर्थ आहे. नुसती धार्मिकता म्हटले तर इनियस समजतच नाही. असे वीस-पंचवीस शब्द जमले की भाषांतर वाचतानाही मूळ भाषेची चाहूल लागते.

ट्रॉयपासून फुटणाऱ्या वाटा

‘इलियड’नंतर सरळ ‘ओडिसी’कडे जावे. सुमारे १२,१०० ओळींचे हे काव्य वेगाने वाचून होते आणि इथे आठवड्याला तीन सर्गही झेपतात. सायक्लोप्स, सर्सी, पाताळ ही प्रसिद्ध साहसे नवव्या ते बाराव्या सर्गांतच आहेत, आणि ती ओडिसियस स्वतः सांगतो, म्हणजे ती एका अट्टल खोटारड्याच्या तोंडून आपण ऐकत असतो. काव्याचा संपूर्ण उत्तरार्ध घरी पोहोचल्यानंतरचा आहे. अकराव्या सर्गात पाताळातील अकिलीस म्हणतो की मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा मी एखाद्या गरीब माणसाकडे मजुरी करणे पत्करीन. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात त्याने विचारलेल्या प्रश्नाशेजारी हे ठेवून पाहावे.

‘ओडिसी’त अगमेम्नॉनच्या खुनाचा उल्लेख पहिल्याच सर्गापासून पुनःपुन्हा येतो. तो धागा धरून एस्किलसची ‘ओरेस्टिया’ वाचावी. इ.स.पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेली ही नाट्यत्रयी संपूर्ण उरलेली एकमेव ग्रीक त्रयी आहे. पहिले नाटक दाट आणि अवघड आहे. तिसऱ्यात सुडाचे चक्र न्यायालयापाशी थांबते, तेव्हा पहिल्यातील काळोखाचा हेतू कळतो. तीन आठवड्यांच्या तीन बैठका पुरतात.

अथेन्सचे युद्ध

पुढचा टप्पा इतिहासाचा. हिरोडोटसची नऊ पुस्तके पहिल्या फेरीत सगळी वाचण्याची गरज नाही. अथेन्सचा शहाणा सोलोन आणि लिडियाचा राजा क्रीसस यांची भेट (१.२९ ते ३३, म्हणजे पहिल्या पुस्तकातील परिच्छेद २९ ते ३३) आणि इराणचा राजा झर्क्सीस याच्या स्वारीची सातवे ते नववे ही पुस्तके वाचावीत. थर्मोपिली आणि सालामिस या इ.स.पू. ४८० च्या लढाया तिथेच आहेत. हिरोडोटस गोष्टीवेल्हाळ आहे, त्याच्या आडवाटांवर चिडू नये.

थ्युसिडिडीस वेगळ्या धातूचा आहे. इ.स.पू. ४३१ ते ४०४ या काळात अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात झालेल्या युद्धात तो स्वतः सेनापती होता, नंतर हद्दपार झाला, अथेन्समधील साथ त्याने स्वतः भोगली. पहिले पुस्तक जड आहे, म्हणून आरंभ दुसऱ्यातून करावा : पेरिक्लीसचे मृतांच्या गौरवाचे भाषण (२.३५ ते ४६) आणि त्याला लागूनच येणारे साथीचे वर्णन (२.४७ ते ५४). नगराच्या थोरवीनंतर लगेच तेच नगर प्रेतांच्या ढिगात दाखवणे, ही मांडणीच त्याचे भाष्य आहे. मग मिटिलीनीविषयीचा वाद (३.३६ ते ४९), कॉर्सिरातील यादवी (३.८२ ते ८३) आणि मेलोस या बेटावरील संवाद (५.८४ ते ११६) वाचावा, आणि शेवटी सिसिलीच्या मोहिमेची सहावे व सातवे ही पुस्तके सलग.

इथे वर्षांकडे लक्ष द्यावे. इ.स.पू. ४१६ च्या हिवाळ्यात मेलोस पडले. अथेन्सने तेथील पुरुष मारले, बायका-मुले गुलाम केली. ४१५ च्या वसंतात त्याच अथेन्समध्ये युरिपिडीसचे ‘ट्रोजन विमेन’ रंगभूमीवर आले, ज्यात पाडाव झालेल्या ट्रॉयच्या स्त्रिया आपली वाटणी होण्याची वाट पाहत बसलेल्या आहेत. आणि त्याच उन्हाळ्यात सिसिलीकडे आरमार निघाले. म्हणून हे नाटक मेलोसचा संवाद आणि सहावे पुस्तक यांच्या मधोमध वाचावे. ब्रायसेइसच्या ओळींवर केलेली खूणही त्या दिवशी उघडावी. या काळातील पाच-सहा पानांचा कोणताही इतिहास आता वाचला तर तो तहानलेल्या जमिनीत मुरावा तसा मुरतो. त्यानंतर प्लेटोचा ‘सिम्पोझियम’ घ्यावा. त्याच्या शेवटी दारू पिऊन आत शिरणारा अल्सिबायडीस हाच सिसिलीच्या मोहिमेचा पुरस्कर्ता, हे आता सांगावे लागणार नाही. ‘रिपब्लिक’ दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे.

रोम

रोमसाठी व्यक्तींच्या आयुष्यांची साखळी धरणे सोपे जाते. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याची नऊशेहून अधिक पत्रे उरली आहेत. त्यांतील इ.स.पू. ४९ ची, सीझर इटलीत उतरत असतानाची, अॅटिकस या मित्राला लिहिलेली पत्रे वाचावीत. प्रजासत्ताक कोसळताना एक हुशार, भित्रा, प्रामाणिक माणूस निर्णय घेऊ शकत नाही, हे त्यांत दिवसागणिक दिसते. इ.स.पू. ४३ मध्ये त्याचा वध झाला आणि त्याच वर्षी कवी ओव्हिड जन्मला. सिसेरोने पाहिलेल्या यादवीतून बाहेर आलेल्या पिढीसाठी व्हर्जिलने ‘इनिड’ लिहिले आणि इ.स.पू. १९ मध्ये ते अपुरे ठेवून तो वारला.

‘इनिड’चे बारा सर्ग सहा आठवड्यांत होतात. पहिल्या सहांत ‘ओडिसी’चे आणि पुढच्या सहांत ‘इलियड’चे पडसाद आहेत, म्हणून होमर आधी वाचल्याचे चीज इथे होते. ‘ओडिसी’च्या पाताळात ग्रीक वीर अजॅक्स ओडिसियसशी एक शब्दही न बोलता निघून जातो, ‘इनिड’च्या सहाव्या सर्गात इनियसने सोडून दिलेली राणी डिडो त्याच्याकडे तशीच पाठ फिरवते. ‘इलियड’च्या शेवटी अकिलीस शत्रूच्या बापाची विनवणी ऐकतो. ‘इनिड’च्या शेवटी इनियसचा पराभूत शत्रू टर्नस आपल्या म्हाताऱ्या बापाची आठवण देऊन विनवतो, इनियसचा हात क्षणभर थांबतो, आणि मग तलवार चालते. काव्य तिथेच संपते. हा शेवट विजयाचा की पराभवाचा, यावर वहीत पूर्ण पानभर लिहावे. तीन गोष्टींच्या मर्यादेला हा अपवाद करण्याजोगा आहे.

ओव्हिडचे ‘मेटॅमॉर्फसिस’ पंधरा पुस्तकांचे आहे आणि कुठूनही उघडून वाचता येते. सेनेकाची १२४ पत्रे मात्र क्रमाने, आठवड्याला दोन, सुमारे चौदा महिने इतर वाचनाच्या जोडीला ठेवावीत. पहिलेच पत्र वेळेविषयी आहे. दुसऱ्यात तो सांगतो की जो सगळीकडे असतो तो कुठेच नसतो, म्हणून थोड्या लेखकांजवळ मुक्काम करावा. सेनेका रोमन सम्राट नीरोचा शिक्षक होता आणि इ.स. ६५ मध्ये नीरोच्याच आज्ञेने त्याला आत्महत्या करावी लागली. त्या प्रसंगाचे वर्णन टॅसिटसच्या ‘अॅनल्स’मध्ये आहे (१५.६० ते ६४). पत्रे निम्मी झाल्यावर ते वाचावे आणि मग उरलेल्या पत्रांकडे परतावे. त्यातील मृत्यूविषयीची वाक्ये वेगळी ऐकू येतात.

मूळ भाषा शिकावी का

वर्षभराच्या वाचनाआधी हा प्रश्न मनात आणू नये. त्यानंतरही ओढ टिकली तर जरूर शिकावी, आणि मराठी वाचकाने घाबरू नये. लॅटिनमध्ये सहा विभक्त्या आहेत, ग्रीकमध्ये पाच, दोन्हींत आपल्यासारखी तीन लिंगे. ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ यांत मारणारा कोण हे प्रत्यय सांगतात, शब्दांचा क्रम नव्हे. लॅटिनही तसेच चालते. ‘कानिस होमिनेम मोर्देत’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो; शब्द कसेही फिरवले तरी ‘होमिनेम’चा ‘एम’ हा प्रत्यय कोण चावला गेला ते सांगतोच. इंग्रजीच्या सवयीने शिकणाऱ्याला जी गोष्ट महिनोन्महिने छळते ती आपल्याला तोंडपाठ असते. संस्कृत येत असेल तर ग्रीकमधील द्विवचनही ओळखीचे वाटेल.

दोहोंपैकी कोणती, याचे उत्तर वहीत सापडते. खुणा होमरवर जास्त असतील तर लॅटिनच्या वाटेने न जाता थेट ग्रीक घ्यावी. २४ अक्षरांची लिपी आठवड्यात येते, आणि क्लाइड फार यांचे १९२० चे होमरच्या ग्रीकचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला ‘इलियड’च्या पहिल्या सर्गातूनच शिकवते. लॅटिनसाठी हान्स ओर्बर्ग यांचे ‘फामिलिया रोमाना’ संपूर्ण लॅटिनमध्ये आहे. त्याच्या ३५ प्रकरणांतून एका रोमन कुटुंबाची गोष्ट वाचत वाचत भाषा येते. त्याच्या जोडीला एक साधे व्याकरण ठेवावे. रोज अर्धा तास दिला तर दीड-दोन वर्षांनी कोशाच्या मदतीने सोपे गद्य वाचता येईल, असा माझा अंदाज आहे. त्या टप्प्यावर १९१२ पासून निघत असलेली लोएब ग्रंथमाला उपयोगी पडते : डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी, ग्रीकसाठी हिरवे वेष्टन आणि लॅटिनसाठी तांबडे. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या मोफत डिजिटल ग्रंथालयात मूळ शब्दावर टिचकी मारली की त्याचे रूप आणि अर्थ उघडतो.

भाषा शिकायला सुरुवात झाली तरी भाषांतरातील वाचन थांबवू नये. दुसऱ्या वर्षाचा पहिला ग्रंथ म्हणून पुन्हा ‘इलियड’ घ्यावे, या वेळी वेगळ्या भाषांतरात आणि दुसऱ्या सर्गातील जहाजांच्या यादीसकट. प्रत्येक सर्गानंतर आधी नवी नोंद लिहावी, आणि ती लिहून झाल्यावरच मागच्या वर्षीचे पान उघडावे.